बांबूचं झाकण

पृथ्वी वाचवण्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून होते. हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं, जाहिरातीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, कारण बरण्यांच्या खोक्याची मागची बाजू कोरी राहत होती आणि कोरी बाजू म्हणजे फुकट गेलेला पुठ्ठा, असं गिऱ्हाइकाचं मत होतं. वाक्य साहेबांना आवडलं. साहेबांना वाक्य आवडलं म्हणजे ते ओळीत बसलं, इतकाच त्याचा अर्थ असे. मग तो जेवायला गेला आणि जेवताना त्याला त्या वाक्याची आठवणसुद्धा झाली नाही. पुढे काही महिन्यांनी, दुकानात, फडताळावर ते खोकं समोर आलं तेव्हा मात्र त्याने ते वाक्य वाचलं, आणि वाचून त्याला पटलं. आपणच सोडलेली पुडी चार लोकांकडून फिरून परत आली की बातमी वाटते, तसं झालं. काचेच्या बरण्या, वर बांबूची झाकणं, आणि कोपऱ्यात एक हिरवं पान. त्या पानाच्या डाव्या कडेला एक खाच होती. ती खाच कुठून आली हेही त्याला ठाऊक होतं. ऑफिसच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्यांचं स्वागत करायला, प्लॅस्टिकचं एक झाड ठेवलेलं होतं. ऑफिसातल्या चित्रकाराने त्याचंच एक पान समोर धरून ते काढलं होतं, आणि ते पान कुणीतरी फोनवर बोलता बोलता कुरतडलेलं होतं. चित्रकार प्रामाणिक माणूस. त्याने खाचसुद्धा काढली. "खरं वाटतं त्याने," तो म्हणाला होता. एवढं सगळं ठाऊक असून तो दुकानात उभा राहिला, पानाकडे पाहिलं, त्याला बरं वाटलं, आणि त्याने त्या बरण्या घरी नेल्या. बरं वाटण्याला माहितीची आडकाठी होत नाही, हे त्याच्या धंद्याचं गुपित होतं. ते गुपित आपल्याला लागू नाही, असं तो धरून चालला होता.

हे सगळं त्याला आठवलं ते समोरच्या दारच्या टायपिस्टबाईंच्या स्वयंपाकघरात, सुट्टीच्या दिवशी दुपारी, एक पार्सल न्यायला आलेला असताना. तो आणि बायको बाहेर गेले होते, आईला झोप लागली असावी, म्हणून पार्सलवाल्याने समोरची बेल वाजवली होती. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बोलताना अजून ओळ संपल्यासारख्या थांबत. दार उघडून त्या म्हणाल्या, "आलं बघा तुमचं. आणखी एक जंगल." तो हसला. पर्यावरणाच्या माणसाला थोडी चेष्टा सहन करावी लागते, असं तो मानत असे आणि ती सहन करताना त्याला जरा उंच झाल्यासारखंही वाटे. "आत या. मला नाही उचलत. टेबलाखाली ढकललंय." तो आत गेला, वाकला, खोकं ओढून सरळ झाला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आली ती एक फळी. फळीवर डबे. प्लॅस्टिकचे, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने, कधीकाळी निळ्या असलेल्या झाकणांचे. आधी त्याला वाटलं, असतील; एका काळात सगळ्यांकडे असलेच डबे होते. मग त्याला सगळ्यात धाकट्या डब्याच्या झाकणाचा कोपरा दिसला. तो वितळून आत वळलेला होता, झोपेत ओठ मुडपावा तसा.

तो कोपरा त्याने वितळवलेला होता. लहान होता, प्लॅस्टिक म्हणजे काय हे पाहायचं होतं, आणि पेटलेली शेगडी समोर होती. वास इतका उग्र होता की नंतर कित्येक दिवस त्याला बिस्किटांनाही तो वास यायचा. वडील म्हणाले होते, "फेकून दे तो डबा." आईने झाकण थंड पाण्याखाली धरलं, बोटाने कोपरा दाबला, डब्यावर बसवून पाहिलं. टक्. "बसतंय," ती म्हणाली. तिच्या सगळ्या संसाराचं तत्त्वज्ञान त्या एका शब्दात होतं: बसतंय ना, मग झालं. पुढे घरं बदलली, वडील गेले, आई त्याच्याकडे राहायला आली, आणि तिच्याबरोबर आले ते कपडे, एक चष्मा, एक जुना चष्मा, आणि हे डबे. बायको म्हणाली होती, "राहू देत की." पण त्याच सुमाराला तो ऑफिसात हिरव्या खोक्यांचा मजकूर लिहीत होता, आणि दिवसभर लिहिलेलं संध्याकाळी घरी येताना अंगाला चिकटून यायचं, छापखान्यातल्या शाईसारखं. त्याने आईला समजावलं. प्लॅस्टिक किती वर्षं राहतं ते सांगितलं. आई म्हणाली, "राहतं म्हणूनच तर घेतलं होतं." यावर तो हसला, आणि हा किस्सा ऑफिसात सांगितला, आणि तिथे सगळे हसले.

"हे डबे," तो टायपिस्टबाईंना म्हणाला.

"आईंचे. तुमच्या."

"ते रद्दीवाल्याला दिले होते."

"मीच ती रद्दीवाली," बाई म्हणाल्या. "तुम्ही काच आणलीत, त्या दिवशी त्या पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या. म्हटलं, द्या इकडे."

"पण हे तर वापरात दिसतायत."

"मग काय रिकाम्या डब्यांची आरास मांडू? आईंना दुपारच्या चहाला दोन चमचे साखर लागते. माझ्या घरात साखर नसते, मला बंदी आहे. त्यांनीच भरून ठेवलीय."

त्यावर तो जे बोलला ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं, इतक्यांदा ते वाक्य म्हणून झालं होतं. अभिमानासकट निघालं. "आईने साखर सोडलीय."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. कागद नीट लागलाय की तिरका, ते पाहावं तसं. "हो का," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात सोडली असेल."

खोकं त्याच्या हातात होतं आणि ते ठेवावं की धरावं हे कळेना. कानशिलं तापली. लाज नेहमी कानांपासून का सुरू होते, हा प्रश्न त्याला पडला, आणि अशा वेळी असा प्रश्न पडतो याचीही त्याला लाज वाटली. आईने साखर सोडलीय, हे त्याने कुणाकुणाला सांगितलं होतं? चित्रकाराला. साहेबांना. ताईला फोनवर, बहिणीला आपणच आईचे खरे वारस आहोत हे ऐकवण्याच्या सुरात. एका बैठकीत तर, हिरव्या मालाच्या गिऱ्हाइकांसमोर, त्याने हात पसरून सांगितलं होतं की माणूस कुठल्याही वयात बदलू शकतो, आमच्या आईचंच बघा, डबे सोडले, पाठोपाठ साखर सोडली, एकदा सोडायची सवय लागली की. लोकांनी माना डोलावल्या होत्या. एकाने वहीत काहीतरी लिहूनही घेतलं होतं. आईच्या संयमाचा तो असा फुकटचा जाहिरातदार झाला होता, आणि मालाची तपासणी करावी हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

आता मनात आलं, आणि आलं ते सगळं एकदम. बांबूची झाकणं. वाफेने फुगायची. दुकानात ती गुळगुळीत, कोरडी, शहाणी दिसत. स्वयंपाकघरात, जिथे वाफ असतेच, तिथे ती बरणीच्या गळ्यात रुतून बसत. पिठाची, मिठाची बायको रोज उघडायची, त्यामुळे ती हलती राहिली. साखरेची फक्त आईची होती. तो आणि बायको सुकलेल्या पानांचं गरम पाणी पीत, ज्याला ते चहा म्हणत. आईचा अंगठा सांध्याशी सुजलेला, हिवाळ्यात लालसर दिसणारा. पहिल्यांदा तिने बरणी त्याच्यापुढे धरली तेव्हा त्याने उघडून दिली. दुसऱ्यांदा त्याने उघडून दिली आणि तंत्र सांगितलं: "आधी फिरवायचं, मग ओढायचं. जोर नाही लागत, आई. युक्ती लागते." हे सांगताना त्याला स्वतःलाही जोर लागला होता, पण तो त्याने चेहऱ्यावर दिसू दिला नव्हता. मग पुढच्या वेळी, आणि त्याच्या पुढच्या वेळी. आई दारात बरणी घेऊन उभी राहायची, बाळ पाजायला द्यावं तशी पुढे करायची, आणि "जरा हे," एवढंच म्हणायची. शेवटच्या वेळी तो फोनवर होता. गिऱ्हाइकाला ‘निसर्गस्नेही’ हवं की ‘निसर्गमित्र’, यावर खल चालला होता. त्याने आईला हाताने खूण केली, थांब. ती थांबली. खल लांबला. ‘निसर्गस्नेही’ छापल्यावर जरा रुंद पडत होतं आणि ते लेबलावर मावत नव्हतं. फोन ठेवून तो वळला तेव्हा आई नव्हती, ओट्यावर कप होता, चहावर साय धरली होती, आणि मोरीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मी साखर सोडली." तो म्हणाला, "वा!"

वा. याहून लहान शब्द त्याने आयुष्यात खपवला नव्हता.

आणि आता आई ताईकडे जायला निघाली होती. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "जाईन म्हणते तिच्याकडे. राहीन तिथेच." का, असं विचारल्यावर म्हणाली, "हवा मानवत नाही." हवा! शुद्ध हवेची झाडं त्याने खिडकीत लावलेली होती. तिला इथे काहीतरी खुपतंय हे त्याला कळलं होतं, आणि काय खुपतंय हेही त्याने ताबडतोब ठरवून टाकलं: बायको. दोन संध्याकाळी तो बायकोशी धुसफुसला. "तू तिला काही बोललीस का?" बायको म्हणाली होती, "मी? मी त्यांच्याशी बोलते तरी. तू त्यांना माहिती देतोस." हे त्याला लागलं होतं, पण लागलेलं खरं असू शकतं इथवर तो पोचला नव्हता. त्याऐवजी त्याने एक वस्तू मागवली. आईला राहावंसं वाटावं, असं काहीतरी. तीच आता त्याच्या हातातल्या खोक्यात होती. स्टूल. आईचा अंघोळीचा जुना प्लॅस्टिकचा स्टूल त्याने काढून टाकला होता आणि बांबूचा आणला होता. त्याला बुरशी आली, एक पाय हलायला लागला, एकदा आई घसरता घसरता भिंतीला धरून राहिली. म्हणून हा नवा, समुद्रातून काढलेल्या प्लॅस्टिकचा, कागदावर त्याची सगळी जन्मकथा छापलेला. म्हणजे एक चांगला स्टूल फेकायचा, कुणीतरी समुद्रातून दुसरा फेकलेला स्टूल काढायचा, वितळवायचा, आणि आपण तो खोक्यात घालून मागवायचा. गावभर फिरून वेशीपाशी आलो तर निदान व्यायाम तरी होतो. इथे तोही पार्सलवाल्याचा झाला होता.

दाराला किल्ली लागल्याचा आवाज झाला. टायपिस्टबाईंच्या घराची किल्ली आईकडे होती, हे त्याला तेव्हा कळलं. आई आत आली, केस नीट विंचरलेले, खांद्यावर शाल. शेजारच्या दारी नव्हे, गावाला निघाल्यासारखी. त्याला पाहून ती थबकली. हातातलं बिस्किटांचं पाकीट तिने शालीखाली घेतलं. असं पाकीट लपवताना त्याने आयुष्यात फक्त स्वतःला पाहिलं होतं, याच डब्यांच्या फळीखाली, लहानपणी.

"अरे, तू इथे?"

"पार्सल," तो म्हणाला.

"बसा दोघं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "चहा टाकलाय. तुमचं ते पानांचं पाणी माझ्याकडे मिळत नाही. तुम्ही बिनसाखरेचाच ना?"

"हो," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं, निदान आज तरी नाही म्हणायला हवं होतं.

आईने कुणाकडे न पाहता फळीवरचा धाकटा डबा घेतला, पोटाशी धरला, आणि वितळलेल्या कोपऱ्याखाली अंगठा सारला. तो कोपरा आत वळला होता खरा, पण वळताना त्याची एक खोबण झाली होती, आणि तीत सुजलेला अंगठाही मावत होता. टक्. किती तरी वर्षांनी त्याने तो आवाज ऐकला. त्या आवाजामागून पूर्वी कायम काहीतरी गोड यायचं. आईने दोन चमचे घातले, चहा ढवळला. "याला लहानपणी तीन लागायचे," ती बाईंना म्हणाली. "वर म्हणायचा, ढवळू नको, खाली राहिलेली चाटता येते."

"आता पुस्तकी झाले ते," बाई म्हणाल्या.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. त्याला वाटलं होतं आवाज मऊ निघेल. तो तक्रारीचा निघाला.

"काय सांगायचं? झाकण उघडत नाही म्हणून?" आई कपाकडे बघत म्हणाली. "सांगितलं होतं की. तू युक्ती शिकवलीस."

"नंतर तरी."

"नंतर तू सगळ्यांना सांगत सुटलास. ताईला सांगितलंस, तुझ्या ऑफिसात सांगितलंस. खालचे म्हातारे जिन्यात थांबवून माझं अभिनंदन करायला लागले. मग कशी घेऊ साखर? तुझंच नाक कापलं गेलं असतं." तिने चहाचा घोट घेतला, डोळे क्षणभर मिटले. "माझं काही नाही रे. पण या वयात चोरून चहा प्यायला बरं वाटत नाही. यांच्या घरी येताना जिन्यात कुणी भेटलं की छातीत धडधडतं. जाते आपली ताईकडे. ती काही सुधारलेली नाही."

टायपिस्टबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. हसू दाबायला माणसं खिडकीबाहेरच पाहतात. त्याच्या मनात एक वाक्य तयार होऊ लागलं. वाक्यं तयार करणं हाच त्याचा धंदा होता, आणि हे तर साधंच होतं: आई, चुकलं. लेबलावर कुठेही मावलं असतं. पण ते गळ्यापर्यंत आलं आणि वाफ धरलेल्या झाकणासारखं तिथेच बसलं. त्याऐवजी तो म्हणाला, "डबे आजच्या आज परत नेतो. त्या बरण्या काढूनच टाकतो."

आई घाबरली. खरोखरच घाबरली, कप खाली ठेवला. "नको रे बाबा. आता त्यासुद्धा टाकशील? चांगल्या काचेच्या आहेत. तू काही टाकू नकोस आता. काही आणूही नकोस." मग ते जरा कडक झालं असं वाटून तिने खोक्याकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

त्याने खोकं उघडलं. आईने स्टूल फिरवून पाहिला, बोटांनी टिचक्या मारून आवाज ऐकला, आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, प्लॅस्टिकचा! हे बरं केलंस." तिने त्याच्या हातावर थोपटलं. लेकाला उशिरा का होईना अक्कल आली, असं ते थोपटणं होतं. स्टुलाच्या पोटाखाली हिरवं पान चिकटवलेलं होतं, डाव्या कडेला खाच असलेलं. जन्मकथेचा कागद त्याने घडी घालून खिशात टाकला. खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण ती त्याच्याकडे अशी पाहत होती, आणि तसं तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्याने साखरेची बरणी फळीवरून काढली. आधी फिरवलं, मग ओढलं. युक्ती चालली नाही, जोरही चालला नाही. फडकं लावलं, कोमट पाण्यात धरली, चमच्याच्या टोकाने कडेकडेने उचकटली. बायको दारात येऊन उभी राहिली. "ती उघडत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे. आईंनी साखर सोडल्यावर म्हटलं, आता कशाला उघडायची." बायकोची माफी मागायची होती ती वेगळीच, त्या दोन संध्याकाळींची, तीही रांगेत उभी राहिली. शेवटी झाकण काडकन चिरत निघालं. आत साखर गळ्यापर्यंत भरलेली होती, मधोमध एका चमच्याएवढा खड्डा, आणि ओल लागून सगळी दगडासारखी घट्ट बसलेली. तो खड्डा पाहून तो खुर्चीत बसला. खड्डा कुठल्या दिवसाचा हे त्याला माहीत नव्हतं. तो आपण उघडून दिलेल्या दिवसांपैकी असणार, एवढं नक्की.

आई ठरल्याप्रमाणे गेली. तो अडवायचं म्हणत होता, पण अडवण्यासाठी जे बोलायला लागलं असतं ते त्याने बोलून टाकलं नाही, आणि बाकी जे बोलला त्याने कुणी थांबत नसतं. डबे तिने टायपिस्टबाईंकडेच ठेवले. "त्यांना आता सवय झालीय," म्हणाली. म्हणजे कुणाला, हे त्याने विचारलं नाही. स्टूल मात्र तिने बरोबर घेतला, मांडीवर धरून गाडीत बसली, आणि गाडी वळेपर्यंत एक हात त्यावर ठेवून दुसरा हलवत राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "पोचली रे आई. काही चिंता करू नकोस. आल्या आल्या चहा दिला, बिनसाखरेचा. तू सांगितलं होतंस ना. काय निग्रह आहे तिचा! नुसती कपात बघत बसली होती, पण एक अक्षर बोलली नाही."

तो उभा राहिला. कान तापायला लागले. आईने पळून जाऊन काय साधलं होतं? तिच्या आधी त्याची जाहिरात तिथे पोचली होती. आता सांगायचं होतं ते एवढंच: ताई, तिने साखर कधी सोडलीच नव्हती. मी आणलेलं झाकण तिला उघडत नव्हतं, आणि मी त्याचा बोभाटा करून तिचं व्रत केलं. ताई मग हसली असती, आणि वर्षानुवर्षं हसत राहिली असती. प्रत्येक लग्नकार्यात, चार पाहुण्यांत. हसू दे, असं मनातलं एक मन म्हणालं. तोंड उघडलं.

"तिला साखर चालेल," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले. या वयात अगदीच बंद करू नये. दोन चमचे."

"कोण डॉक्टर?"

"आमचे."

"बरं झालं बाई," ताई म्हणाली, आणि फोन बाजूला धरून ओरडली, "आई, साखर घालू का गं? डॉक्टर हो म्हणालेत म्हणे!" लांबून आईचा आवाज आला, बारीक, जपून बोललेला: "तो म्हणाला का? मग घाल." त्याला तो आवाज ऐकू आला नसता तर बरं झालं असतं. मग निदान काहीतरी खरं विचारावं म्हणून त्याने विचारलं, "तुझ्या साखरेच्या डब्याचं झाकण कसं आहे?"

"कसं म्हणजे?"

"घट्ट आहे का?"

"झाकण कुठलं आलंय, ते केव्हाच हरवलं," ताई म्हणाली. "बशी ठेवते मी त्यावर."